लिनक्स टाकून कोण देणार?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, तीही नावनोंदणी केली तर. विंडोज ११ वर जावे म्हटले, तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे प्रोसेसर या अटीत बाद होतात. म्हणजे आठ जीबी रॅम असलेला, मुलांच्या अभ्यासाला आणि घरच्या कामाला सहज पुरणारा धडधाकट संगणक एका अटीपायी भंगारात जायचा. अशा यंत्रांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली उत्तम चालते हे अनेकांनी सांगितले आहे आणि ते खरेही आहे. पण 'लिनक्स वापरा' असे सांगणारा आणि ते ऐकणारा यांच्यामध्ये एक काम उरते. ते यंत्रावर टाकायचे कोणी?

लिनक्सचे जुने वापरकर्ते या प्रश्नावर थोडे हसतात. त्यांच्या लेखी इन्स्टॉलेशन हा केव्हाच सुटलेला प्रश्न आहे, आणि इतिहास पाहिला तर त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. हेलसिंकीत शिकत असताना लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन यांच्या रूपाने लोकांपर्यंत पोहोचू लागले. त्या काळी लिनक्स टाकायचे म्हणजे फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन बसायचे. पडद्यावर चित्र दिसावे म्हणून मॉनिटरचे हर्ट्झचे आकडे स्वतः भरायचे. चुकीचा आकडा भरल्यास मॉनिटर कामातून जाऊ शकतो, असा इशाराही सोबतच्या माहितीत असे. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये क्नॉपिक्स आणले. ते हार्डडिस्कला हात न लावता थेट सीडीवरून चालायचे. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू काढले आणि मागेल त्याला सीडी टपालाने फुकट घरपोच पाठवली. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत त्या काळी ही सीडी हमखास सापडायची. २००६ च्या उन्हाळ्यात आलेल्या उबुंटू ६.०६ मध्ये आधी चालवून पाहा आणि आवडले तर त्याच पडद्यावरून टाका, अशी सोय झाली. आजचे बहुतेक इन्स्टॉलर तोच नमुना गिरवतात. भाषा, कीबोर्ड, वेळ, डिस्क, नाव, पासवर्ड एवढेच विचारतात आणि जेमतेम अर्ध्या तासात काम उरकतात.

तरीही सामान्य माणूस अडतो, कारण त्याची अडचण इन्स्टॉलरचा पडदा उघडण्याआधीच सुरू होते.

आधी कोणते लिनक्स घ्यायचे ते ठरवावे लागते. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही चारच नावे घेतली, तरी मिंटमध्ये सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे तीन पर्याय समोर येतात. नवख्याला त्यांतला फरक कळत नाही, आणि कळण्याची गरजही नसते. मग काही जीबीची आयएसओ फाइल उतरवायची. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रूफस किंवा एचर यांसारखा वेगळा प्रोग्राम वापरून ती 'लिहावी' लागते. पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करण्याची वर्षानुवर्षांची सवय असलेला माणूस इथे पहिल्यांदा फसतो. फेडोराने यावर चांगला तोडगा काढला आहे. त्यांचा मीडिया रायटर हा एकच प्रोग्राम फाइल उतरवतो आणि पेनड्राइव्हही तयार करून देतो. इतरांनी तो केव्हाच उचलायला हवा होता.

पेनड्राइव्ह तयार झाला की संगणक त्यावरून सुरू करायचा. त्यासाठी एखाद्या कंपनीच्या यंत्रावर एफ१२ दाबावे लागते, दुसरीच्या एफ९, तिसरीच्या एस्केप, आणि तेही पडद्यावर कंपनीचे चिन्ह झळकत असतानाच्या क्षणभरात. विंडोज चालू असताना शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केले, तर पेनड्राइव्ह निवडण्याचा पर्याय निवांतपणे समोर येतो. ही साधी युक्ती कितीतरी मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाही. त्यांत बायॉसच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या, निळ्या-करड्या पडद्यांची छायाचित्रे मात्र पानभर असतात.

यापुढचे अडथळे आणखी वरच्या पातळीचे आहेत आणि त्यांचा दोष लिनक्सकडे जात नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आले. यंत्र सुरू होताना फक्त विश्वासू सही असलेलाच प्रोग्राम चालवायचा, ही त्यामागची कल्पना रास्त आहे. उबुंटू, फेडोरा यांसारखी मोठी वितरणे मायक्रोसॉफ्टची सही घेतलेला 'शिम' हा छोटा प्रोग्राम वापरून या दारातून आत येतात. पण किल्ली एका कंपनीच्या हातात असली की काय होते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या अनेकांच्या यंत्रांवर लिनक्स सुरूच होईना, पडद्यावर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा कोरडा संदेश यायचा. काही इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्क आरएसटी नावाच्या पद्धतीने जोडलेली असते, तिथे लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ती दिसावी म्हणून बायॉसमध्ये बदल केला, तर विंडोज रुसते. बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की कुठे ठेवली ते आठवत नसेल, तर स्वतःच्याच फायलींना मुकण्याची वेळ येते. नव्या विंडोज ११ मध्ये हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

एवढ्या सगळ्यातून पार पडून माणूस अखेर इन्स्टॉलरपर्यंत येतो आणि सगळ्यात धोक्याच्या प्रश्नासमोर उभा राहतो. लिनक्स डिस्कवर कुठे टाकू?

हा प्रश्न आपल्याकडे विशेष घातक आहे, आणि त्याचे कारण आपल्याच सवयीत आहे. आपल्याकडे संगणक दुरुस्त करणारा माणूस एकाच हार्डडिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि सांगतो, 'सीमध्ये विंडोज आहे, तुमचे सगळे डीमध्ये ठेवा. फॉरमॅट मारला तरी डीला काही होत नाही.' दोन दशके हा सल्ला खरा ठरला आहे. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, दुकानाचा हिशेब, सगळे डीमध्ये. आणि लिनक्सचा इन्स्टॉलर ठळकपणे जे पर्याय पुढे करतो त्यांतल्या एकाचा अर्थ असतो, 'पूर्ण डिस्क पुसा आणि टाका'. लिनक्सच्या दृष्टीने सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन टोके आहेत, 'पूर्ण डिस्क' म्हटले की दोन्ही गेले. इशारा दिलेला असतो, नाही असे नाही. पण ज्याच्या डोक्यात 'डी सुरक्षित असते' हे पक्के बसले आहे, त्याला त्या इशाऱ्यात आपला डी दिसतच नाही. 'शेजारी टाका' हा दुसरा पर्याय विंडोज पुसत नाही, पण विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद केलेले नसेल तर त्या भागाचा आकार बदलायला इन्स्टॉलर नकार देतो. 'स्वतः ठरवा' या तिसऱ्या पर्यायात एसडीए१, ईएक्सटी४, माउंट पॉइंट अशी शब्दावली समोर येते, आणि तिथून बहुतेक जण माघारी फिरतात.

इन्स्टॉलरला विंडोजच्या भागांची नावे आणि त्यांत किती मजकूर आहे हे वाचता येते. मग पुसण्याआधी 'या डिस्कवर डी नावाचा भाग आहे, त्यात १८० जीबी फायली आहेत, त्या कायमच्या जातील' असे त्या माणसाच्या भाषेत सांगायला काय हरकत आहे? बटण दाबण्याआधी त्या भागातल्या दोन-चार फोल्डरांची नावे दाखवली, तरी कितीतरी घरांतले फोटो वाचतील. सोपेपणा म्हणजे पडदे कमी करणे, असा समज या क्षेत्रात फार रुजला आहे. सहा पडद्यांचे तीन झाले की काम फत्ते. प्रत्यक्षात नवख्याला पडद्यांची संख्या जाचत नाही, आपण मागे फिरू शकू की नाही याची धास्ती त्याला असते.

ही धास्ती ओळखणारा एक प्रयोग होऊन गेला आहे. उबुंटूच्या एप्रिल २००८ च्या आवृत्तीत वुबी नावाचा प्रोग्राम आला. तो विंडोजमध्येच, इतर कोणत्याही प्रोग्रामसारखा, डबल-क्लिक करून चालायचा. डिस्कचे भाग पाडायचे नाहीत, पेनड्राइव्ह नको, बायॉस नको. लिनक्सचा सगळा संसार विंडोजच्या डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये मांडला जायचा आणि संगणक सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडता यायचे. नाही पटले, तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन काढून टाकायचे, यंत्र पूर्वीसारखे. त्याचा वेग थोडा कमी होता आणि वीज अचानक गेली तर ती मोठी फाइल बिघडण्याचा धोका होता. विंडोज ८ आणि बायॉसची जागा घेणारे यूईएफआय यांच्याशी त्याचे जुळेना, म्हणून २०१३ मध्ये उबुंटूने तो वगळला. तांत्रिकदृष्ट्या निर्णय समजण्यासारखा होता. पण त्याची जागा घेणारे, तितकेच निर्धास्त असे काही पुढे आले नाही, आणि आमच्या मते गेल्या दशकातली ही लिनक्सची सगळ्यात मोठी चूक आहे. पेनड्राइव्हवरून चालवून पाहण्याची सोय आहे, पण पेनड्राइव्हपर्यंत पोहोचण्यातच तर अर्धे लोक गळतात.

इन्स्टॉलेशन पार पडल्यावरचे चित्रही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्या कार्यालयांत आणि दुकानांत वर्षानुवर्षे टिकलेला कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवणे हे जाणत्यालाही घाम फोडणारे काम राहिले आहे, कारण तो कंपनीच्या स्वतःच्या खास पद्धतीने बोलतो. उलट एचपीचे बहुतेक प्रिंटर जोडताक्षणी चालतात. टॅली विंडोजसाठी आहे. जीएसटी आणि ई-निविदांसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या टोकनांचे लिनक्सवर जुळवणे जिकिरीचे असते. जुन्या फॉन्टांत श्री-लिपीवर काम करणारी डीटीपी केंद्रे, कोरलड्रॉवर पत्रिका करणारे, यांनी मुख्य यंत्रावर लिनक्सच्या वाटेला जाऊ नये, हे त्यांना स्पष्ट सांगावे. मराठीपुरते म्हणाल तर युनिकोड, इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी टंकन हे सगळे लिनक्समध्ये आहे, देवनागरी अक्षरे नीट दिसतात. रेड हॅटच्या पुण्यातील भाषा-गटाने यासाठी बरेच काम केले आहे. आणि दोन्ही प्रणाली शेजारी ठेवल्यावर कधी कधी विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते. लिनक्स यंत्रातल्या घड्याळाची वेळ जागतिक प्रमाणवेळ मानते, विंडोज ती स्थानिक मानते, एवढीच गोम आहे. पण ज्याला हे ठाऊक नाही तो सरळ म्हणतो, लिनक्स टाकल्यापासून कॉम्प्युटर बिघडला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लिनक्स टाकायला अवघड म्हणून लोक वापरत नाहीत, असे म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. विंडोज तरी कोण स्वतः टाकतो? यंत्र विकत घेताना ते आत असते, नसेल तर दुकानदार टाकून देतो. बिघडले की 'फॉरमॅट मारून द्या' म्हणून संगणक पिशवीत घालून त्याच्याकडे नेला जातो आणि संध्याकाळी परत आणला जातो. कितीतरी घरांतल्या माणसांनी विंडोजचा इन्स्टॉलर आयुष्यात पाहिलेला नाही. नुसता सोपेपणा मोजायचा तर आज मिंट टाकणे विंडोज ११ टाकण्यापेक्षा सोपे आहे. ते मायक्रोसॉफ्टचे खाते उघडायला लावत नाही, इंटरनेट नसेल तर अडून बसत नाही.

किंबहुना आपल्याकडे लिनक्स विकत घेतलेल्या यंत्रात आयते मिळत होतेच. डॉसवाला लॅपटॉप आणि उबुंटूवाला लॅपटॉप हे आपल्या बाजारात नेहमीचे प्रकार आहेत. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतात म्हणून ते स्वस्त पडतात. गिऱ्हाईक तो लॅपटॉप घेते आणि त्याच गल्ल्यावर दुकानदार आतले उबुंटू पुसून चोरीची विंडोज टाकून देतो, पुष्कळदा न विचारता. कारखान्यातून चालू स्थितीत आलेले लिनक्स, ज्यासाठी इन्स्टॉलरचा एकही पडदा पाहावा लागला नसता, ते गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचायच्या आतच नाहीसे होते. इन्स्टॉलर कितीही सोपा केला तरी यावर इलाज होत नाही. दुकानदारालाही एकतर्फी दोष देता येणार नाही. उद्या त्या गिऱ्हाइकाचा प्रिंटर चालला नाही तर ते त्याच्याच दारात येणार, आणि लिनक्स त्याला कोणी शिकवलेले नाही.

केरळने नेमके हेच ओळखले. तिथल्या सरकारी शाळांमध्ये आयटी अ‍ॅट स्कूल या प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर आणले आणि आता काइट ही राज्याची संस्था ते चालवते. २०१९ मध्ये त्यांनी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती काढली, तेव्हा ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी असल्याचे आणि त्यातून परवान्यांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचणार असल्याचे सांगण्यात आले. हा आकडा सगळी यंत्रे बाजारभावाने परवाने घेऊन भरली असती असे धरून काढलेला असल्याने जरा बेतानेच घ्यावा. पण त्याहून महत्त्वाचे असे की केरळने शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतली, परीक्षा त्यावर घेतली. शाळेत अडले तर विचारायला माणूस होता. आपल्याकडे सी-डॅकची बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासून आहे, अनेक भारतीय भाषा तिच्यात आहेत, मराठीही आहे. प्रणाली तयार करणारी संस्था पुण्यात मुख्यालय असलेली, तरी महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी ती टाकून देणारा आणि अडल्यावर फोन उचलणारा माणूस शोधून सापडत नाही.

युरोपात विंडोज १० च्या निरोपाच्या निमित्ताने 'एंड ऑफ टेन' ही मोहीम निघाली. तिचा भर सूचनांच्या यादीपेक्षा पत्त्यांच्या यादीवर आहे. तुमच्या जवळ कोणता दुरुस्तीचा अड्डा आहे, कोणते दुकान पैसे घेऊन लिनक्स टाकून देते, कोणता गट कोणत्या दिवशी बसतो, हे तिथे नोंदवले जाते. पुण्या-मुंबईच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटांनीही एके काळी इन्स्टॉल फेस्ट भरवले होते, लोक आपापले संगणक घेऊन यायचे. ती प्रथा पुन्हा सुरू व्हायला हवी, आणि शहरातल्या महाविद्यालयांपुरती नको.

यासाठीचे एक साधन तयार आहे, पण फारसे कोणाला माहीत नाही. मिंटमध्ये आणि उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांमध्ये 'ओईएम' नावाची पद्धत मिळते. दुकानदार सगळे टाकून, ड्रायव्हर जुळवून, मराठी कीबोर्ड लावून यंत्र बंद करतो. गिऱ्हाइकाने घरी जाऊन पहिल्यांदा सुरू केले की ते फक्त भाषा, नाव आणि पासवर्ड विचारते. डिस्क, बायॉस, सिक्युअर बूट हे शब्द त्याच्या कानावरही पडत नाहीत. तालुक्याच्या दुकानदाराला ही पद्धत एका दिवसात शिकवता येईल. एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव पोहोचवणाऱ्या यंत्रणेला, तंत्रनिकेतनांना आणि आयटीआयना हे अवघड नाही. चोरीची विंडोज टाकण्याचे तीनशे-पाचशे रुपये दुकानदार घेतोच, तेवढेच पैसे त्याने कायदेशीर लिनक्स टाकण्याचे घ्यावेत. 'फुकटचे आहे, मग पैसे कशाचे' ही कुरकुर गिऱ्हाइकाने सोडायला हवी. दुकानदार आपल्या वेळेचे आणि नंतरच्या फोनचे पैसे घेतो.

ज्यांच्याकडे असा जुना संगणक आहे त्यांना आमचे सांगणे असे, की आधी त्यावर रोज कोणती कामे होतात त्याची यादी करा. टॅली, डिजिटल सही किंवा जुने फॉन्ट त्यात असतील तर तूर्त थांबा. ब्राउझर, ईमेल, मराठी टंकन, व्हिडिओ आणि मुलांचा अभ्यास एवढेच असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवायला दुकानदाराला सांगा आणि तुमचा प्रिंटर व वायफाय त्यावर चालतो का, ते त्याच्यासमोरच तपासा. आणि सी, डी, ई असे काहीही न मानता सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याखेरीज तो संगणक कोणाच्याही ताब्यात देऊ नका.